जांभळ्या टोपणाची नळी

सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, आपण लॅबच्या खुर्चीत बसतो. टेक्निशियन ताई दंडाला पट्टा आवळतात, ‘मूठ घट्ट धरा’ म्हणतात, कोपराच्या खळगीत बोटानं शीर चाचपतात. सुई टोचते आणि पारदर्शक नळीत गडद लाल धार चढू लागते. नळीचं टोपण जांभळं असेल तर आत ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्त गोठू देत नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा रोजच्या मोजणीला हीच नळी वापरतात. पुरता एक घोटही भरणार नाही, इतकंच रक्त असतं ते.

त्या रक्तात मेंदूची खबर असते. कवटीच्या आत कुठला दोर सैल होतोय, कुठली तार तुटतेय, कुठे गाळ साचतोय, याची खबर. ती तिथे पूर्वीपासून होती. माणसाला ती वाचता येऊ लागली ती मात्र अगदी अलीकडे, गेल्या दहा-बारा वर्षांत.

माझी मोठी आत्या दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. तारखेच्या चौकोनात ‘१’ म्हणजे एक लिटर, ‘दीड’ म्हणजे पाहुणे आलेले. सत्तरी ओलांडल्यावर एका महिन्यात त्या चौकोनांत आकडे दोन-दोनदा दिसायला लागले. पुढच्या महिन्यात न उजाडलेल्या तारखाही भरून गेल्या. ‘वय झालं, व्हायचंच’ असं घरात सगळेच म्हणाले, मीसुद्धा. मग डॉक्टर झाले. थायरॉइड, बी-बारा, साखर सगळं तपासून झालं. किती वेळा तिचं रक्त काढलं असेल! दर वेळी जांभळी नळी भरली, दर वेळी तिच्यातलं हिमोग्लोबिन मोजून उरलेलं टाकून दिलं गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘अल्झायमर असावा.’ पुढची सात वर्षं आम्ही त्या ‘असावा’वर काढली. ती गेली तेव्हाही तो ‘असावा’च होता.

यात डॉक्टरांचा दोष नव्हता. माणूस जिवंत असेपर्यंत ‘आहे’ म्हणायची सोय त्यांच्या हाताशी नव्हती.

ती सोय नसण्याची गोष्ट जुनी आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर त्यांच्यासमोर बसून प्रश्न विचारत आणि मिळेल ते उत्तर जसंच्या तसं टिपून घेत. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर त्या अर्ध्यातच थांबायच्या. एप्रिल १९०६ मध्ये त्या वारल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू तिकडे मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, ते चांदीच्या क्षारानं रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशींच्या मधल्या जागेत डाग साचले होते. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं आणि सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

डाग म्हणजे अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचा गाळ, आणि गुंते म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं लागली. अमायलॉइड बीटा १९८४ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी वेगळं काढलं. पण निदानाची रीत बदलली नाही. खात्री हवी तर माणूस मरायला हवा, मेंदू उघडायला हवा, काप रंगवायला हवेत. ज्याला जाणून घ्यायचं होतं, तोच ते ऐकायला उरत नसे.

जिवंत मेंदूकडे पाहायच्या दोन खिडक्या नंतर उघडल्या. पहिली पाठीच्या कण्यातली. आपल्याकडे लोक ज्याला ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात, ते जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके १८९१ पासून करत होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात तरंगतात ते एका वेळी जेमतेम १५० मिलिलिटर असतं. पण शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवं बनवतं, म्हणजे दिवसातून तीन-चारदा ते पाणी बदलतं. मेंदूला धुऊन आलेल्या या पाण्यात अमायलॉइड आणि टाऊ दोन्ही सापडतात, हे मात्र बरंच पुढे कळलं. अडचण सुईची. कण्यात सुई घालायची म्हटल्यावर भले भले मागे सरकतात, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी ती घालणारा हात नसतो.

दुसरी खिडकी पेट स्कॅनची. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला चिकटणारं एक किरणोत्सारी द्रव्य तयार केलं, आणि २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालामध्ये ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. जिवंत माणसाच्या मेंदूतला तो गाळ पडद्यावर लाल-पिवळा उजळला. पण त्यात वापरलेला कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. तो ज्या यंत्रात बनतो ते यंत्र स्कॅनरच्या शेजारीच हवं. ठाण्यात बनवून दादरला न्यायचा म्हटलं तर वाटेतच बहुतेक संपायचा. पुढे जास्त टिकणारी द्रव्यं आली, तरी ही खिडकी मोठ्या शहरांतल्या मोठ्या खिशांपुरतीच राहिली.

मग रक्त का नको? शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यातून ते फिरून येतं आणि ते काढायला कुणाला भीती वाटत नाही. नको, कारण मेंदू रक्तातलं सगळंच आत घेत नाही आणि आतलं सहज बाहेर सोडत नाही.

पाउल एर्लिखनं १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू पांढराच राहिला. त्याचा विद्यार्थी एडविन गोल्डमन यानं १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला: रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. दोघांच्या मधे भिंत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे सहाशे किलोमीटर भरतील, मुंबईहून गोव्याला पोहोचण्याइतक्या. आणि त्या सबंध लांबीवर भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या आहेत की परवान्याशिवाय फारसं काही आत-बाहेर जात नाही.

पण घर कितीही बंद असलं तरी त्याची मोरी असते. मेंदूभोवतीचं पाणी शेवटी शिरांत उतरतं. २०१५ मध्ये तर मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या सापडल्या. शरीररचनेची पुस्तकं तोवर म्हणत आली होती की मेंदूला अशा वाहिन्या नसतातच! या वाटांनी मेंदूचं सांडपाणी थोडं थोडं रक्तात मिसळतं, आणि त्यात मोडक्या पेशींचे तुकडेही येतात.

थोडं म्हणजे किती, हे सांगताना माझी दमछाक होते. आपण ज्या रेणूच्या मागे आहोत त्याचं नाव पी-टाऊ २१७. निरोगी माणसाच्या रक्तात तो मिलिलिटरमागे एका पिकोग्रॅमहूनही कमी असतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून मी खडकवासल्याचा हिशोब मांडून पाहिला. पावसाळ्यात धरण १.९७ टीएमसी भरलं की पुण्यातले पेपर बातमी देतात. त्या काठोकाठ भरलेल्या धरणात चार-पाच मोठे चमचे साखर टाकून ढवळली, तर मिलिलिटरमागे एक पिकोग्रॅम होतो. आपल्याला ते पाणी चाखून साखर आहे का, आणि परवाच्यापेक्षा आज ती वाढली का, हे सांगायचंय.

शिवाय ते पाणी निर्मळ नाही. त्याच मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचं एकच प्रथिन चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं. वजनाच्या हिशोबानं आपल्या रेणूच्या चार हजार कोटीपट! सबंध पृथ्वीवर जितकी माणसं आहेत त्याच्या पाचपट गर्दीत एक चेहरा ओळखायचा, असं हे काम आहे. ते आज होतं, रोज होतं. दोन अगदी निराळ्या वाटांनी होतं, आणि दोन्ही वाटा इतक्या सुंदर आहेत की त्यांपाशी थोडं थांबायला हवं.

पहिली वाट मोजण्याची. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट आणि त्यांचे सहकारी प्रकाशतंतूंच्या जुड्यांवर काम करत होते. तंतूंच्या टोकांवर आम्लानं खळगे पडतात, अतिशय बारीक. आप्पेपात्र डोळ्यांपुढे आणा, पण पन्नास हजार खळग्यांचं, आणि एकेक खळगा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. आता रक्तद्रवात लाखो चुंबकीय मणी सोडायचे. प्रत्येक मण्यावर हव्या त्या प्रथिनालाच धरणारी प्रतिपिंडं चिकटवलेली. रेणू इतके विरळ आणि मणी इतके पुष्कळ, की एका मण्याच्या वाट्याला एक रेणू येतो किंवा एकही येत नाही. मग मणी धुऊन घ्यायचे, पकडलेल्या रेणूला खुणेसाठी एक विकर जोडायचं, आणि मणी आप्पेपात्रावर ओतायचे. एका खळग्यात एकच मणी बसतो. वरून असं द्रव्य सोडायचं की विकर त्याला चमकदार करील, आणि खळगे बंद करायचे.

खरी युक्ती या बंद करण्यात आहे. एरवीच्या चाचणीत हीच चमक सबंध कपभर द्रवात पसरते आणि विरून जाते. शिवाजी पार्कच्या मधोमध एक पणती लावली तर कुणाच्या लक्षात येईल? तीच पणती देवळीत ठेवा, देवळी उजळून निघते. या खळग्याचं आकारमान नेहमीच्या चाचणीतल्या द्रवाच्या दोनशे कोटीव्या भागाएवढं असतं. इतक्या लहान देवळीला एका रेणूचा उजेड पुरतो. त्यानंतर फोटो काढायचा आणि उजळलेल्या देवळ्या मोजायच्या. एक, दोन, तीन. ‘अंधुक पिवळं दिसतंय, जास्त असावं’ हा अंदाजाचा प्रकार संपला. वॉल्ट यांच्या गटानं हे २०१० मध्ये प्रसिद्ध केलं, आणि जुन्या पद्धतीपेक्षा हजारपट क्षीण खुणा पकडता येऊ लागल्या.

दुसरी वाट तोलण्याची, आणि तिच्या मुळाशी एक चूक आहे. १९८५ साली क्योटोतल्या शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका हे विशीतले इंजिनिअर लेसरच्या झोतानं मोठे रेणू न मोडता हवेत उडवायचा प्रयत्न करत होते. उडाले तर त्यांना विजेचा सारखाच धक्का देऊन पळवता येतं. हलका रेणू आधी पोहोचतो, जड मागून, आणि पोहोचायच्या वेळेवरून वजन कळतं. पण प्रथिनं लेसरखाली जळून जायची. एके दिवशी तानाकांनी कोबाल्टच्या बारीक भुकटीत नेहमीच्या द्रवाऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं. मिश्रण बिघडलं. पण भुकटी महाग होती आणि त्यांना ती टाकवेना. तेच वापरून पाहिलं आणि मोठा रेणू अखंड उडाला. या कामासाठी २००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डॉक्टरेट नसलेला कंपनीतला नोकर!

नोबेलनंतर तानाका या कामातून बाजूला झाले नाहीत. रक्ताच्या थेंबावरून आजार ओळखायचा ध्यास त्यांनी घेतला, आणि २०१८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा, अकिनोरी नाकामुरा यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जपानमधल्या १२१ आणि ऑस्ट्रेलियातल्या २५२ जणांच्या रक्तातले अमायलॉइडचे तुकडे तोलून त्यांनी कुणाच्या मेंदूत गाळ साचलाय हे सुमारे ९० टक्के अचूक सांगितलं. अमायलॉइडचा एक तुकडा ४० कड्यांचा असतो, दुसरा ४२ कड्यांचा. दोनच कड्यांचा फरक, पण ४२वाला जास्त चिकट. तो मेंदूत गाळ होऊन बसतो, म्हणून रक्तात त्याचं प्रमाण घटतं. गंमत पाहा, मेंदूत काय जमलंय ते रक्तात काय उणं आहे यावरून ओळखायचं.

मात्र ही घट फार थोडी असते, दहा-पंधरा टक्क्यांची. अमायलॉइड काही एकट्या मेंदूतून येत नाही; प्लेटलेटसुद्धा ते सोडतात आणि खूण पुसट करतात. म्हणून मग सगळ्यांचं लक्ष टाऊकडे वळलं.

टाऊचं खरं काम बांधणीचं. चेतापेशीच्या लांब तंतूत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो, मांडवाच्या बांबूंसारखा. बांबू जागच्या जागी राहावेत म्हणून त्यांना काथ्या बांधतात. टाऊ तो काथ्या. त्याच्या ४४१ कड्यांच्या साखळीत ठरावीक जागी फॉस्फेटचे कण चिकटतात किंवा सुटतात आणि त्यानुसार गाठ सैल-घट्ट होते. मेंदूत अमायलॉइड साचू लागलं की काही जागी फॉस्फेट भलतेच चिकटायला लागतात, आणि असा टाऊ पेशीतून बाहेर पडू लागतो. २१७ व्या कडीवर फॉस्फेट असलेला टाऊ म्हणजे आपला पी-टाऊ २१७. अमायलॉइडच्या घटीसारखा तो पुसट नाही. आजारात तो दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त वाढतो.

ही वाढ केव्हा सुरू होते, याचं उत्तर कोलंबियाच्या डोंगरांतून आलं. अँटिओकिया प्रांतातल्या काही खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं चाळिशीतच विसरायला लागत. घरचे लोक त्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. १९८०च्या दशकात फ्रान्सिस्को लोपेरा या तरुण मेंदूविकारतज्ज्ञानं या घरांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. चर्चमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जुळवून त्यांनी हजारो माणसांची वंशावळ उभी केली. एकाच जनुकातला एकच दोष, काही शतकांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आलेला. ज्याला तो मिळाला त्याला साधारण ४४ व्या वर्षी विस्मरण सुरू होणार, जवळजवळ नेमानं.

जुलै २०२० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ओस्कार हान्सन आणि सेबास्तियान पाल्मक्विस्ट यांच्या गटानं १,४०२ जणांच्या रक्तातल्या पी-टाऊ २१७ ची मापं प्रसिद्ध केली. त्यातले ६२२ जण या कोलंबियन कुळांतले होते. दोष असलेल्यांच्या रक्तात हा रेणू पंचविशीच्या आसपास वाढायला लागला होता. विस्मरणाच्या वीस वर्षं आधी! पंचविशीतला तरुण शेतात राबतोय, लग्न ठरवतोय, कुणाचंही नाव विसरत नाही. आणि त्याच्या दंडातून काढलेल्या रक्तात चाळिशीनंतरची खबर आलेली आहे. त्याच अभ्यासात अॅरिझोनातल्या ८१ जणांचं रक्त होतं. त्यांनी हयातीत रक्त दिलं आणि मृत्यूनंतर मेंदूही दिला होता. रक्तानं आधी सांगितलेलं आणि सूक्ष्मदर्शकानं नंतर पाहिलेलं ताडून पाहिलं. बहुतेक जुळलं. अल्झायमरांनी चांदीनं रंगवलेले काप आणि जांभळी नळी यांची गाठ पडायला ११४ वर्षं लागली.

कोलंबियातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. याच कुळांतल्या २५२ जणांवर एका औषधाचा प्रयोग झाला. आपल्यात दोष आहे का, हे त्यांतल्या बहुतेकांना जाणून घ्यायचं नव्हतं. म्हणून संशोधकांनी दोष नसलेल्यांनाही प्रयोगात घेतलं आणि त्यांना नुसतं पाणीदार इंजेक्शन दिलं. प्रयोगात नाव आहे एवढ्यावरून कुणाला स्वतःचं भविष्य कळू नये म्हणून. २०२२ मध्ये निकाल आला, औषधाचा उपयोग झाला नव्हता. लोपेरा २०२४ मध्ये वारले.

इकडे साध्या दवाखान्यांत काय झालं? २०२४ मध्ये स्वीडनमध्ये, विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या १,२१३ जणांवर पी-टाऊ २१७ वर आधारलेली रक्तचाचणी करून पाहिली. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरसारखे जे प्राथमिक डॉक्टर, त्यांचं अल्झायमरचं निदान १०० पैकी ६१ वेळा बरोबर आलं. डिमेन्शियाच्या तज्ज्ञांचं ७३ वेळा. रक्ताचं ९१ वेळा. हे वाचताना मला आत्याचं कॅलेंडर आठवलं. तज्ज्ञसुद्धा चारातल्या एकाला चुकतात, तर आम्ही ‘वय झालं’ म्हणालो यात नवल ते काय?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी, एफडीएनं, अल्झायमरसाठी पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती जपानच्या फुजिरेबिओ कंपनीची आहे आणि पी-टाऊ २१७ व अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर काढते. ४९९ नमुन्यांवर ती तपासली गेली. चाचणीनं ‘आहे’ म्हटलं तेव्हा ९१.७ टक्के वेळा पेट स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्यानं दुजोरा दिला. ‘नाही’ म्हटलं तेव्हा ९७.३ टक्के वेळा. पाचांतल्या जवळजवळ एकाला मात्र ती ‘सांगता येत नाही’ म्हणते, आणि मला तिचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. ती ५५ वर्षांपुढच्या आणि ज्यांना त्रास जाणवतोय अशांसाठीच आहे.

त्रास जाणवतोय, हे शब्द मी अधोरेखित करीन. धडधाकट माणसानं कुतूहलापोटी ही चाचणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साठीपुढच्या कितीतरी माणसांच्या मेंदूत अमायलॉइड असतं आणि ती शेवटपर्यंत शुद्धीत, हिशोबात, गप्पांत असतात. रेणू सापडणं आणि माणूस आजारी असणं यांत अंतर आहे. मूत्रपिंडं कमकुवत असली तर पी-टाऊ उगाच वाढलेला दिसतो, कारण तो बाहेर टाकला जात नाही. शरीर स्थूल असेल तर तो कमी दिसतो. आणि कळलं तर पुढे काय, हा प्रश्न आहेच. लेकानेमॅबसारखी नवी औषधं अमायलॉइडचा गाळ उपसतात. पण दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावते एवढंच, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा बारीक रक्तस्रावाचा धोका पत्करावा लागतो.

आपल्या देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगताहेत, असा २०२३ चा अंदाज आहे. स्वीडनमध्ये ठरवलेली रेघ आपल्या रक्ताला तशीच लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही; आपल्याकडे मधुमेह, मूत्रपिंडांचे विकार पुष्कळ. म्हणून मला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचं काम फार महत्त्वाचं वाटतं. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या खेड्यांतली हजारो माणसं वर्षानुवर्षं तिथे तपासली जाताहेत. आपली रेघ आपल्याच मातीत आखावी लागेल. ती आखली गेली की काय होईल, याचं चित्र मला दिसतं: गडचिरोलीतल्या आजोबांना पेट स्कॅनसाठी शहर गाठायला नको, बर्फाच्या डब्यातून त्यांची नळी जाईल.

अल्झायमरखेरीज इतर आजारांची खबरही या नळीत असते, पण प्रत्येकाची भाषा निराळी. चेतापेशीचा तंतू कुठल्याही कारणानं तुटला की न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन रक्तात येतं. तुटलं हे ते सांगतं, का तुटलं ते सांगत नाही. बॉक्सिंगची झुंज, मल्टिपल स्क्लेरोसिस, हंटिंग्टन, सगळ्यांत ते वाढतं. स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावर टोफर्सेन हे औषध आहे. त्याला एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती प्रामुख्यानं रक्तातलं हे प्रथिन घटलं या पुराव्यावर. रुग्णाची चाल सुधारेपर्यंत थांबायचं, तर तेवढा वेळ त्या आजारात नसतो. पार्किन्सनचं गाडं मात्र इथे अडतं. त्याचं प्रथिन अल्फा-सायन्यूक्लिन, आणि ते खुद्द तांबड्या पेशींतच खच्चून भरलेलं असतं. काढताना रक्त जरा फुटलं, सॅम्पल हिमोलाइझ झालं, की मेंदूचा आवाज त्या गलक्यात बुडतो.

पी-टाऊ २१७ ची सगळ्यात नवलाची बाजू मी शेवटासाठी राखून ठेवली आहे. २०२५ मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांच्या पुढाकारानं नवजात बाळांच्या रक्तात हा रेणू मोजला गेला. अल्झायमरच्या रुग्णांपेक्षाही तो बाळांत जास्त निघाला; अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सर्वांत जास्त. मग पहिल्या काही महिन्यांत तो उतरत जातो. ज्या खुणेला आपण विनाशाची खबर समजतो, तीच खूण मेंदू उभारला जात असताना दिसते. मांडव घालताना काथ्या सैल ठेवावा लागतो, बांबू इकडचा तिकडे करायचा असतो. तेव्हा सैल गाठ हा आजार नसतो.

आणि युरोपातल्या माळरानांवर बिळं करून राहणारी एक खार आहे. हिवाळ्यात ती महिनोन्‌महिने निपचित पडते. तिचं शरीर गार होतं, मेंदूतल्या पेशींचे जोड आखडतात, आणि जर्मनीतल्या लाइपझिगच्या थॉमस आरेंट यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं तसा तिचा टाऊ फॉस्फेटनं लादला जातो, अल्झायमरच्या मेंदूत लादला जातो त्याच तऱ्हेनं. पण मधूनच तिला जाग येते. अंग तापतं, टाऊवरचे फॉस्फेट भराभर उतरतात, आखडलेले जोड पुन्हा पसरतात. थोड्या वेळानं ती परत झोपते आणि ते सगळं पुन्हा चढतं. एका हिवाळ्यात असं कितीदा तरी होतं. वसंतात ती बिळातून वर येते तेव्हा तिचा मेंदू पुन्हा जसा होता तसा झालेला असतो.